नामविकृती आणि नामोद्धार : डीबगरमधील फंक्शन-नामांची एक चिकित्सा

१

एका नावाने दोन वस्तू ओळखल्या जाऊ लागल्या म्हणजे व्यवहारात किती घोटाळा माजतो, हे मुंबईकराला निराळे सांगावयास नको. दादर हे स्थानक लोकांच्या तोंडी एकच. परंतु ते मध्य रेल्वेचे एक आणि पश्चिम रेल्वेचे एक, अशी दोन स्थानके एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन्हीकडील फलाटांचे क्रमांक १ पासूनच सुरू होत असत. त्यामुळे 'दादरला एक नंबरवर थांबतो' ह्या निरोपाचे दोन अर्थ संभवत आणि निरोप देणारा एका फलाटावर, तर घेणारा दुसऱ्यावर ताटकळत उभा राही. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या बाजूचे फलाट ८ पासून पुढे मोजण्यात येऊ लागले आणि एक क्रमांक म्हणजे एक फलाट अशी व्यवस्था झाली. रेल्वेच्या दप्तरात मात्र हा भेद पूर्वीपासूनच होता. मध्य रेल्वेचे दादर तेथे 'डीआर' आणि पश्चिम रेल्वेचे दादर 'डीडीआर' ह्या संकेताक्षरांनी नोंदले जाते. म्हणजे प्रवाशाच्या बोलण्यातील नाव एक, आणि यंत्रणेच्या वहीतील नावे दोन.

संगणकाच्या आज्ञावलीत नेमकी हीच अडचण उद्भवते आणि तिच्यावरील उपायही ह्याच जातीचा आहे. आज्ञावली लिहिणारा आपल्या प्रत्येक फंक्शनला, म्हणजे एक विवक्षित काम करणाऱ्या आज्ञासमूहाला, अर्थपूर्ण नाव देतो. कंपायलर त्या लेखनाचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. लिंकर निरनिराळे तुकडे नावानिशी हुडकून एकमेकांस जोडतो. लेखकाने दोन फंक्शनांना एकच नाव दिले असेल तर लिंकरला भेद कळावा म्हणून कंपायलर त्या नावाला काही खुणा जोडतो. पुढे आज्ञावली चालता चालता अडली, आणि कोठे व कोणामुळे अडली ह्याचा शोध डीबगर ह्या साधनाने सुरू झाला, की त्या खुणांनी लादलेले नाव शोधकापुढे येऊन उभे राहते. त्याला हवे असते लेखकाने दिलेले नाव. पहिल्या क्रियेला प्रस्तुत विवेचनात 'नामविकृती' आणि तिच्या उलट क्रियेला 'नामोद्धार' असे म्हटले आहे.

नामोद्धार ही केवळ एक सोय आहे, असा समज ह्या व्यवसायात सर्वत्र आढळतो. हा समज अपुरा आहे. डीबगर जे नाव दाखवितो तो मूळ लेखनाचा एक 'पाठ' असतो. आणि पाठाला जे निकष लावावयाचे तेच त्याला लावले पाहिजेत. मूळ काय होते, वाटेत काय गळले, काय नवे शिरले आणि वाचकाला ह्याचा सुगावा लागू दिला आहे की नाही, हे ते निकष होत.

२

मुंबईतच ह्या प्रश्नाचा आरंभबिंदू दाखविता येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. अशा यंत्राच्या भाषेत फंक्शनाला नाव नसते, केवळ पत्ता असतो. तेथे नाव विकृत होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नावच नव्हते. चूक शोधणारा कागदावर पत्त्यांचे कोष्टक मांडून बसे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले. उच्चस्तरीय भाषांचा वापर वाढत गेला तशी नावेही आली. पण ती तोकडी. १९६६ च्या प्रमाण फोर्ट्रानमध्ये नावाला सहा अक्षरांची मर्यादा होती. नाव तोकडे असले तरी लेखकाने लिहिलेले आणि यंत्रणेने जपलेले नाव जवळजवळ एकच असे.

ही समजूत मोडली ती सी-प्लस-प्लस ह्या भाषेने. एकाच नावाची अनेक फंक्शने असावीत आणि कोणते चालवावयाचे ते त्यांना दिलेल्या मूल्यांच्या प्रकारावरून ठरावे, अशी मुभा तिने दिली. दोन पूर्णांकांची बेरीज आणि दोन अपूर्णांकांची बेरीज ह्या दोहोंना 'बेरीज' म्हणणे माणसाला स्वाभाविक वाटते. लिंकर मात्र जुन्या वळणाचा. त्याला एका नावाची एकच वस्तू ठाऊक. लिंकर बदलणे हाती नव्हते. म्हणून ब्यार्न स्त्रौस्त्रुप ह्यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेल्या सीफ्रंट ह्या कंपायलराने नावातच मूल्यांचे प्रकार कोंबण्याचा मार्ग पत्करला. जुन्या दप्तरदाराला नवे नियम शिकविता येत नसतील तर अर्जाच्या मथळ्यातच सारा तपशील लिहावा, तसा हा प्रकार होता.

ह्या संकेतपद्धतीचे विवरण एलिस आणि स्त्रौस्त्रुप ह्यांच्या १९९० सालच्या भाष्यग्रंथात आहे. त्यात एक चमत्कारिक वाटणारा उपदेशही आढळतो. दोन कंपायलरांची अंतर्गत रचना जुळत नसेल तर त्यांनी नामविकृतीच्या पद्धतीही मुद्दाम भिन्न ठेवाव्यात, असा तो आहे. हेतू चांगला होता. न जुळणारे तुकडे चुकून जोडले जाऊन पुढे अनर्थ होण्यापेक्षा जोडणीच्या वेळीच नावे न जुळल्याने काम थांबावे, हे केव्हाही बरे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येक कंपायलराची एक खाजगी लिपी झाली आणि प्रत्येक लिपीला तिचा निराळा वाचक लागू लागला. पुढे इटेनियम ह्या प्रोसेसरासाठी ठरलेल्या संकेतांना युनिक्स-परंपरेतील बहुतेक कंपायलरांनी मान्यता दिली. इटेनियम प्रोसेसराचा पुरवठा २०२१ साली संपला. त्याच्या नावाची लेखनपद्धती मात्र त्याच्याशी कसलाही संबंध नसलेल्या यंत्रांवर चालूच आहे. दुसरा मोठा संप्रदाय मायक्रोसॉफ्टचा. त्याची विकृत नावे प्रश्नचिन्हाने सुरू होतात.

ह्या दोन संप्रदायांची परिभाषाही लक्षणीय आहे. पहिला ह्या क्रियेला मोडतोड अशा अर्थाचा शब्द वापरतो, तर दुसरा तिलाच सजावट म्हणतो. एकाच्या दृष्टीने ती विकृती, दुसऱ्याच्या दृष्टीने अलंकरण. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला ह्यात एक जुना वाद ओळखू येईल. अलंकार म्हणजे वरून चढविलेला दागिना की अर्थाचाच अवयव, हा तो वाद होय. येथे तरी निर्णय सोपा आहे. ह्या खुणा काढून टाकल्या तर दोन 'बेरजा' एक होतात. म्हणजे त्या खुणा दागिने नव्हेत, त्या अर्थवाहक आहेत. त्या वाचकाच्या दृष्टीआड करणे इष्ट असेल. परंतु त्या निरर्थक आहेत असे समजून केलेला नामोद्धार हा उद्धार नव्हे.

३

विकृत नावाची घडण एका मराठी उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल. सी-प्लस-प्लसच्या आज्ञावलीत देवनागरी नावे थेट लिहिण्याची सोय जीसीसी ह्या कंपायलरात २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपासून झाली. तेव्हा 'हिशेब' नावाच्या गटात 'बेरीज' नावाचे फंक्शन आहे आणि ते दोन पूर्णांक घेते असे समजावे. इटेनियम-संकेतानुसार त्याचे लिंकरसाठीचे नाव पुढीलप्रमाणे बनते : प्रथम अधोरेषा आणि झेड, मग गटातील नाव सुरू होत असल्याची खूण म्हणून एन, त्यानंतर १५ हा आकडा आणि 'हिशेब', पुन्हा १५ हा आकडा आणि 'बेरीज', मग गट संपल्याची खूण म्हणून ई, आणि अखेरीस पूर्णांकाची खूण आय, दोनदा. अपूर्णांकांच्या बेरजेत शेवटच्या दोन खुणा डी ह्या अक्षराच्या असतात. प्रत्येक खुणेला कारण आहे. आरंभीची अधोरेषा आणि मोठे अक्षर अशासाठी की तशा जोडीने सुरू होणारी नावे भाषेच्या नियमाने कंपायलरासाठी राखीव आहेत; लेखकाच्या नावाशी त्यांची टक्कर होत नाही. नावापूर्वीचा आकडा अशासाठी की नाव कोठे संपते हे वाचणाऱ्या यंत्राला आधी कळावे.

परंतु हा आकडा १५ का ? 'बेरीज' ह्या शब्दात मराठी माणूस तीन अक्षरे मोजतो : बे, री, ज. युनिकोडच्या हिशेबाने त्यात पाच चिन्हे आहेत, कारण मात्रा आणि वेलांटी ही स्वतंत्र गणली जातात. आणि प्रत्येक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागत असल्याने यंत्राच्या लेखी ते पंधरा होतात. तीन, पाच आणि पंधरा ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. असा भेद मराठी मुद्रणाला अपरिचित नाही. गिरगावालगतच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून जुळाऱ्याने खिळे मोजावेत आणि वाचकाने अक्षरे वाचावीत हा व्यवहार चालत आलेला आहे. फरक इतकाच, की छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या पुस्तकात खिळ्यांची संख्या छापलेली नसे. विकृत नावात मात्र बाइटांची संख्या नावाच्याच कपाळावर लिहिलेली असते. नामोद्धाराचे पहिले काम म्हणजे जुळाऱ्याचा हा हिशेब वाचकापासून दूर ठेवणे. उद्धारानंतर शोधकाला 'हिशेब' गटातील 'बेरीज', दोन पूर्णांक घेणारी, एवढेच दिसते. येथवर पाठ शुद्ध आहे.

४

सर्वच पाठ इतके शुद्ध नसतात. ह्या दृष्टीने मोडी लेखनाशी केलेली तुलना उद्बोधक ठरते. मोडी ही चालती लिपी; तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याचा आग्रह नसे आणि शब्दांमध्ये जागाही सोडली जात नसे. मोडीचे बालबोध करणाऱ्याला 'सुत' की 'सूत', 'दिन' की 'दीन', ह्याचा निर्णय संदर्भाने करावा लागतो. लिपीतच जे गळाले ते लिप्यंतरकाराच्या कौशल्याने परत येत नाही. त्याला फार तर अनुमान करता येते. म्हणून प्रामाणिक संपादक अनुमानाची जागा दाखवून देतो. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकांनी मुंबईत मराठी ग्रंथांच्या पाठचिकित्सेला जी शिस्त लावली तिचे सार हेच की संपादकाने पाठ द्यावा आणि त्याबरोबर त्या पाठाचा आधारही द्यावा.

आता नामोद्धारातील गळतीचे काही प्रकार पाहावेत. पहिला प्रकार भेद पुसला जाण्याचा. सी-प्लस-प्लसमध्ये एखादी वस्तू घडविणारे जे फंक्शन लेखक एकदाच लिहितो, त्याची कंपायलर बहुधा दोन रूपे तयार करतो. एक रूप संपूर्ण वस्तू घडविण्यासाठी, दुसरे ती वस्तू दुसऱ्या वस्तूचा पाया असेल तेव्हासाठी. विकृत नावात ह्यांच्या खुणा सी-१ आणि सी-२ अशा वेगळ्या असतात. नामोद्धार झाला की दोन्ही नावे अक्षरशः एक होतात. शोधक त्या नावावर थांबा बसवितो आणि डीबगर त्याला दोन ठिकाणे सापडल्याचे कळवितो. नवशिका त्यामुळे बुचकळ्यात पडतो. हे पुन्हा दादरचेच उदाहरण झाले. दप्तरातील डीआर आणि डीडीआर प्रवाशासाठी 'दादर' म्हणून वाचून दाखविले, पण कोणते दादर हे सांगितले नाही.

दुसरा प्रकार उलट्या टोकाचा, म्हणजे अतिविस्ताराचा. लेखकाने मजकुराच्या प्रकारासाठी 'स्ट्रिंग' असे सुटसुटीत नाव लिहिलेले असते. ते नाव मुळात एका साचेबंद प्रकाराचे टोपणनाव आहे. जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, उद्धृत नावात टोपणनावाऐवजी पूर्ण साचा उलगडून येतो. मूळ साच्याचे नाव, त्यातील अक्षराचा प्रकार, त्या अक्षराचे गुणधर्म, स्मृती पुरविणाऱ्याचा प्रकार, हे सारे क्रमाने येते. फंक्शन असे दोन-तीन मजकूर घेत असेल तर नाव अनेक ओळी व्यापते. गिरगावातील चाळीत एखाद्याला त्याच्या नावाने हाक मारावी आणि उत्तरादाखल त्याची सात पिढ्यांची वंशावळ ऐकावी लागावी, तसे हे होते. वंशावळ खोटी नसते. ती अवेळी असते. ह्या विस्ताराने विकृत नावाचेही नुकसान झाल्याचा दाखला आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरात नावाची मर्यादा ४०९६ अक्षरांची होती आणि त्यापुढचे नाव छाटले गेल्याचा इशारा तो देत असे. छाटलेल्या नावाचा संपूर्ण उद्धार कोणालाच करता येत नाही.

तिसरा प्रकार कायमच्या हानीचा. रस्ट ह्या भाषेच्या जुन्या नामविकृतीत, साचेबंद फंक्शन कोणत्या प्रकारासाठी घडविले ह्याची नोंद नावात राहत नसे. त्या जागी सोळा अंकांचा एक सांकेतिक ठसा असे. दोन भिन्न रूपे ठशामुळे भिन्न राहत, म्हणजे लिंकरचे काम भागे. परंतु ठशावरून मूळ प्रकार ओळखता येत नसे. शोधकाला 'हे एक रूप आणि ते दुसरे' एवढेच कळे; कशाचे, ते कळत नसे. ह्या दोषाची जाणीव ठेवून त्या भाषेने नवी पद्धत आखली आणि २०२२ सालच्या १.५९ ह्या आवृत्तीपासून ती मागून घेता येऊ लागली. तीत साच्याचे प्रकार नावातच उलगडता येतील अशा रीतीने लिहिले जातात. विकृती करतानाच उद्धाराचा विचार करणे, हे ह्या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय. उद्धाराचे यश उद्धार करणाऱ्याच्या हुशारीवर नव्हे, तर विकृती करणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असते.

चौथा दोष साधनांच्या अंतर्गत विसंगतीचा. जीडीबी ह्या प्रसिद्ध डीबगरात नामोद्धाराचे दोन स्वतंत्र कळफिरवे आहेत. सर्वसाधारण मजकुरासाठी उद्धार आपोआप चालू असतो. यंत्राज्ञांच्या यादीत तो आपोआप बंद असतो. परिणामी एकाच बैठकीत एकच फंक्शन एका जागी शुद्ध नावाने आणि दुसऱ्या जागी विकृत नावाने दिसते. दोन्ही निवडींमागे कारण आहे. यंत्राज्ञा वाचणाऱ्याला लिंकरचे नाव हवे असण्याचा संभव अधिक. परंतु एका ग्रंथात एकाच पात्राला दोन नावे द्यावयाची तर संपादकाने तसे तळटीपेत सांगावे लागते. येथे ती तळटीप नाही.

आणि ह्या सर्वांच्या तळाशी नावाचा संपूर्ण अभाव आहे. आकार कमी करण्यासाठी आज्ञावलीतून नावे काढून टाकलेली असली, की डीबगर फंक्शनाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दाखवितो. टिफ्रॅकच्या काळातील पत्त्यांचे कोष्टक शोधकापुढे पुन्हा येते. तरीही ही दोन प्रश्नचिन्हे, वरील चारही दोषांशी तुलना करता, एका बाबतीत सरस आहेत : ती आपले अज्ञान लपवीत नाहीत.

५

मराठी नावांच्या संदर्भात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रस्टमध्ये देवनागरी नावे २०२१ सालच्या १.५३ ह्या आवृत्तीपासून चालू लागली. सर्व लिंकरांना परकी लिपी पचेल ह्याची शाश्वती नसल्यामुळे तिच्या नव्या नामविकृतीत अशी नावे प्युनीकोड ह्या संकेताने रोमन अक्षरांत व अंकांत बसविली जातात. प्युनीकोड २००३ साली इंटरनेटवरील नावांसाठी प्रमाणित झाला. त्यात 'बेरीज' हा शब्द डोळ्यांना मुळीच ओळखू येत नाही. परंतु काही गळतही नाही. उद्धारानंतर तो जसाच्या तसा परत येतो. सी-प्लस-प्लसच्या विकृत नावात 'बेरीज' डोळ्यांना दिसते, रस्टच्या विकृत नावात दिसत नाही. तरी उद्धाराच्या कसोटीला दोन्ही सारखीच उतरतात. वाचनीयता आणि विश्वसनीयता हे दोन गुण वेगळे आहेत, हे ह्यावरून स्पष्ट होते.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण मराठीच्या एका खास जोडाक्षराने पुरविले आहे. 'कामकऱ्यांची_यादी' असे नाव परळ-लालबागच्या एखाद्या गिरणीच्या जुन्या हजेरीपटाची आज्ञावली लिहिणाऱ्याला सहज सुचेल. ह्यातील रफाराविना येणारा, ऱ्य मधला आडवा 'र' युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्ता असलेला ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, अथवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. पहिल्या रीतीने ह्या नावाचे ४६ बाइट होतात, दुसऱ्या रीतीने ४९. रस्ट दुसऱ्या रीतीचे नाव स्वीकारीतच नाही. सी-प्लस-प्लसनेही २०२१ साली ते अदृश्य चिन्ह नावांतून वर्ज्य केले. परंतु त्यापूर्वीच्या नियमांत ते चालत असे. म्हणजे दोन लेखकांनी आपापल्या कळफलकाच्या रीतीने एकच नाव लिहिले, तर लिंकरला ती दोन नावे वाटत आणि 'असे फंक्शन सापडले नाही' असा निरोप येई. येथे नामोद्धार कितीही निर्दोष असला तरी उपयोगी पडत नाही, कारण उद्धृत नावे डोळ्यांना एकच दिसतात. खरी साक्ष विकृत नावाच्या कपाळावरील आकड्यात असते : एकीकडे ४६, दुसरीकडे ४९. जुळाऱ्याचा हिशेब वाचकापासून लपवावा असे वर म्हटले. पण वाद उपस्थित झाला की खिळे मोजण्याची मुभा वाचकाला असलीच पाहिजे, हे ह्या उदाहरणाने सिद्ध होते.

तथापि मराठी नावांची सर्वांत मोठी विकृती कंपायलर करीतच नाही. मराठी भाषक आज्ञावलीकार बहुधा इंग्रजी नावे योजतो. मराठी शब्द वापरावयाचा झाल्यास तो रोमन लिपीत लिहितो. रोमन लिपीत के, एच, ए, टी, ई अशी अक्षरे लिहिली की ती 'खाते' म्हणूनही वाचता येतात आणि 'खते' म्हणूनही. शेतकरी सहकारी संस्थेच्या हिशेबात खाते आणि खते ह्या दोन्ही वस्तू असणारच. के, ए, आर ह्या अक्षरांत सरकारी 'कर', आज्ञार्थी 'कर' आणि रस्त्यावरील 'कार' अशी तिन्ही नांदतात. व्ही, ए, डी, ए लिहिले की दादरचा वडा आणि पेशव्यांचा वाडा एक होतात. ही गळती कंपायलरापूर्वी, लेखकाच्या बोटांतच झालेली असते. तिचा उद्धार करील असे साधन नाही, कारण ज्यात भेदाची खूणच राहिलेली नाही ते नाव म्हणजे दुसरी मोडी होय. डीबगर ते नाव अत्यंत प्रामाणिकपणे दाखवील आणि तरीही शोधक खात्याच्या जागी खते हुडकीत बसेल.

६

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला जुन्या जाणत्यांचा. त्यांच्या मते विकृत नाव हेच यंत्राचे सत्य आहे; ते वाचावयास शिकावे, उद्धाराच्या कुबड्या कशाला ? सी-१ व सी-२ आणि ४६ व ४९ ही उदाहरणे त्यांच्या बाजूने साक्ष देतात, हे मान्य केले पाहिजे. पण ही साक्ष वादाच्या प्रसंगापुरती आहे. मूळ हस्तलिखित पाहता येणे आवश्यक असले तरी प्रत्येक वाचकाने प्रत्येक वेळी हस्तलिखितच वाचावे असे कोणी म्हणत नाही. शिवाय आज्ञावली अडते ती बहुधा घाईच्या वेळी. तेव्हा शोधकाची बुद्धी दोषाच्या शोधात खर्च व्हावी, नावाच्या अक्षरजुळणीत नव्हे.

दुसरा आक्षेप असा की नाव ते नाव. चूक शोधणाऱ्याला ओळीचा क्रमांक कळला की पुरे. हा आक्षेप ज्या आज्ञावलीसोबत शोधासाठीची सविस्तर माहिती साठविलेली आहे तिच्यापुरता खरा आहे. प्रत्यक्षात लोकांच्या हाती गेलेल्या आज्ञावलीत ती माहिती पुष्कळदा नसते. असते ते लिंकरचे नाव. मूल्यांची नावेही त्यात नसतात, केवळ त्यांचे प्रकार असतात. अशा वेळी ते एक नावच लेखकाच्या हेतूचा उरलेला पुरावा असतो. पुरावा एकच उरला की त्याची चिकित्सा अधिक कसोशीने करावी लागते.

सारांश, वाचनीय नाव दाखविणाऱ्या साधनाकडून तीन अपेक्षा करणे योग्य होईल. एक, ज्या विकृत नावांत भेद आहे ती उद्धारानंतर एकरूप होऊ लागली, तर भेदाची खूण त्याने नावाशेजारी द्यावी. दोन, लेखकाने टोपणनाव वापरले असेल तर आधी टोपणनाव दाखवावे आणि वंशावळ मागितल्यावर द्यावी. तीन, उद्धृत नावापासून मूळ विकृत नावापर्यंत एका पावलात जाता यावे, आणि साधनाच्या सर्व दालनांत एकच रीत असावी. ह्यांपैकी एकही अपेक्षा असाध्य नाही. तिन्हींसाठी लागणारी माहिती विकृत नावात अथवा शोधमाहितीत बहुधा असतेच. उणीव आहे ती दाखविण्याच्या विवेकाची.

आणि चौथी अपेक्षा साधनाकडून नव्हे, लेखकाकडून. मराठी शब्द योजावयाचाच असेल तर तो देवनागरीत, एका ठरलेल्या लेखनरीतीने लिहावा. नाहीतर निःसंदिग्ध असे दुसरे नाव शोधावे. दादरच्या फलाटांचे क्रमांक एका रात्रीत बदलता आले, कारण दप्तरात दोन दादरांचा भेद आधीपासून शाबूत होता. जो भेद लिहितानाच राखला नाही, तो शोधताना कोणी परत आणून देत नाही.